उमाजीभाऊंच्या कॉम्प्युटरचा आवाज

घुग्घुसात हळू बोलणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर आजारी. खाणीतली ड्रिल, डंपर आणि दुपारचं ब्लास्टिंग, या सगळ्यांवर बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. त्यातही उमाजीभाऊंचा आवाज वरचढ. खुल्या खाणीत ड्रिल चालवण्यात उमर गेलेले हे गृहस्थ चहात साखर मागत, तरी चौकात भांडण लागल्यासारखं वाटे. मनानं मात्र लोणी. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले की खिशातली बोरं काढून टेबलावर ठेवत आणि वर मलाच दमात घेत, "खाय ना बे, धनराज! वाळून गेला पुरा!"

२००४च्या हिवाळ्यात ते आले ते तक्रार घेऊनच. "कॉम्प्युटरचा आवाज दिवसेंदिवस बसून राह्यला. नवीन विंडोज टाकून दे."

त्यांची मुलगी जया झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्यांदाच गायली होती. त्या गाण्याची सीडी घरी आली होती, आणि लेकीचं गाणं नीट ऐकायला मिळत नाही हे भाऊंचं दुखणं. मी म्हटलं, भाऊ, विंडोजला काय सर्दी होते आवाज बसायला? पण एकदा धरलं की सोडतील ते उमाजीभाऊ कसले! रविवारी त्यांच्या घरी जाऊन मी जुनी विंडोज ९८ काढली, एक्सपी टाकली. बसलेला आवाज पूर्णच गेला.

भाऊंच्या पत्नी देवकाबाई माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मीच तो पिशवीत घालून नेला. "चालू होतं ना बराबर? काऊन हात लावला?"

स्पीकरची पिन काढून पुन्हा घातली. आवाजाची पट्टी वर नेली. म्यूटची खूण पाहिली. सगळं जागच्या जागी. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर तिथं पिवळं प्रश्नचिन्ह. नव्या विंडोजला साउंड कार्ड ओळखूच येत नव्हतं. ओळख करून देणारा ड्रायव्हर मदरबोर्डसोबत आलेल्या सीडीत होता.

"ते सीडी कुठी हाये?" मी गावच्या रिवाजाप्रमाणं ओरडून विचारलं.

"गाडीले!"

खरंच होती. कोळशाच्या धुळीत मागच्या ट्रकवाल्याला आपण दिसावं म्हणून भाऊंनी ती मोटारसायकलच्या मडगार्डला तारेनं बांधली होती. आमच्याकडं निम्म्या गाड्यांना अशाच सीड्या. माझं डोकंच फिरलं. देवकाबाईंनी ती पदरानं घासूनपुसून दिली. कॉम्प्युटरनं दोनदा बाहेर टाकली, तिसऱ्यांदा घेतली. ड्रायव्हर बसला, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि जयाचं गाणं घरभर झालं. शेजारची माणसं दाराशी येऊन उभी राहिली.

"गाणं लागून नाई राह्यलं!" उमाजीभाऊ स्पीकरकडं बोट दाखवून ओरडले. "पाह्य ना बराबर!"

जयाचा चेहरा उतरला आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला. विंडोजचा आवाज कधी बसलाच नव्हता. इथं सगळेच ओरडून बोलतात, म्हणून भाऊंचे कान गेल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नाही. एवढ्या मायाळू माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

सांगावं लागलं नाही. त्यांनी दारातल्या लोकांकडं पाहिलं, जयाकडं पाहिलं, मग देवकाबाईंकडं. बाई डोळे मिटून मान डोलवत होत्या. भाऊंचा हात कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. जया गाणं बंद करायला पुढं झाली, तसा त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. तुह्या मायले ऐकू दे."

मग ते बाईंसमोर मांडी घालून बसले. गाणं चालू होतं तोवर त्यांच्या तोंडावरची नजर भाऊंनी हलवली नाही. बाईंनी डोळे उघडले, पदर डोळ्यांना लावला, तेव्हा गाणं संपलं हे भाऊंनी ओळखलं. आणि नाटकाच्या मांडवात पुढच्या रांगेत बसल्यासारखे गरजले, "वन्स मोअर!"