पोटरी कोण दाबत होतं?

भुताखेताच्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजतो आणि वाटेला लावतो. सोनोग्राफीवाला माणूस मी... स्क्रीनवर दिसेल तेवढंच मानतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय.

लातुरात क्लासेसच्या भागात माझं सेंटर आहे. तेव्हा गल्लोगल्ली नवे क्लास निघत होते. कुणी नुसतं 'सर' म्हटलं की निम्मा रस्ता वळून बघायचा. तिथेच फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम दुपारी डॉप्लरला आल्या. पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं आणि पोटरी टम्म सुजलेली.

डॉप्लरमध्ये नसेतलं रक्त वाहताना दिसतं आणि ऐकूही येतं. आम्ही एका हाताने पोटरी दाबतो, रक्त वर पळतं, मशीन 'हूश्श' करतं. पण मॅडमच्या मांडीच्या नसेत ताजी गुठळी होती आणि तिचं टोक सुटं हलत होतं. दाबायच्या नादात ती निसटली तर थेट फुफ्फुसात... खेळ खलास. म्हणून मी पोटरीला हातच लावला नाही.

तरी आवाज आला. हूश्श. थोडं थांबून पुन्हा.

पाय हलवू नका म्हणून मी खेकसलोच. मॅडम म्हणाल्या, "मी कुठं हलायलेय सर?"

शेजारी उभ्या असलेल्या आमच्या मदतनीस मावशींनी माझी बाही ओढली. सुजलेल्या पायावर दाबलं की खळगा पडतो, तसे पोटरीवर खळगे पडत होते. चार बोटं इकडे, अंगठा तिकडे. प्रत्येक खळग्याला हूश्श, आणि गुठळीचं टोक थरथरायचं. मी जाम घाबरलो... भुताला नाही, त्या गुठळीला.

मॅडम छताकडे बघत सांगू लागल्या. भूकंपात घर पडलं तेव्हा त्या लहान होत्या. ढिगाऱ्याखाली आईचा हात फक्त त्यांच्या पायापर्यंत पोचत होता. पोरीला झोप लागू नये म्हणून आई पोटरी दाबत राहिली. लोकांनी उकरून काढलं तेव्हा हात पायावरच होता, पण आई गेलेली होती.

मी कसंबसं म्हणालो, "मॅडम, हे आत्ताच्या आत्ता थांबायला पाहिजे. तुमच्या जिवावर बेतेल."

त्यांनी डोळे मिटले. "आये, जागी हाय मी. बास कर आता."

आवाज थांबला.

मॅडमना लगेच ॲडमिट केलं आणि त्या वाचल्या. पेटका आला तरी रक्त असं उसळतं, हे मला कळतं. पण पेटक्याने अंगठ्याचा खळगा पडत नाही, आणि त्यापुढे माझी अक्कल आजही चालत नाही.

काही महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. नस मोकळी झाली होती, मी खूश. निघायच्या आधी त्यांनी तो आवाज एकदा ऐकवायला सांगितलं. आता भीती नव्हती; मी पोटरी दाबली. हूश्श.

त्या बराच वेळ कान देऊन पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई सर. हा तुमचा हात हाय."