तापे करताना तोंड मिटून

आमच्या कुनिंगान भागात ईदला तापे, म्हणजे आंबवलेला गोड भात, लागतोच. चिकट तांदूळ शिजवायचा, मोठ्या सुपात पसरून गार करायचा, खमिराची वडी कुटून त्यावर भुरभुरायची, जांबाच्या पानांत पुड्या बांधून बादलीत झाकून ठेवायच्या. आणि हे सगळं तोंड मिटून, हसऱ्या मनानं. करणारीच्या मनात राग असला की भात गोड व्हायच्या ऐवजी कडू होतो म्हणतात. म्हणजे तापे बिघडला की बाईच वाईट. हसरं मन आणायचं कुठून, ते मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या शेजारच्या इरोहकडे तर ते नव्हतंच. नवरा बांडुंगला बांधकामावर, घरी येणार ईदला. दिवसभर लोकांची भातलावणी, मग सासूचं दुखणंखुपणं. सासूला सगळे एमा जुजू म्हणतात. तिच्या तापेचं गावभर नाव होतं. हात थरथरायला लागले तेव्हा तिनं काम इरोहकडे दिलं, आणि लागोपाठ दोन ईदला तापे कडू झाला.

“कुणाशी भांडलीस?” एमानं विचारलं.

“भांडायला घरात आहे कोण?”

“मग मनात काय होतं?”

“झोप होती, एमा. दुसरं काय असणार?”

“पुढच्या खेपेला बिघडला तर तापेची बादली धाकट्या सुनेच्या घरी जाईल.”

इरोहचा चेहरा पडला. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

ईद सरल्यावर मी गेले तर ही अंगणात बसून त्या बिघडलेल्या पुड्या एकेक सोडून चाखत होती.

“टाक की गं ते! पोट बिघडेल.”

“थांब. ही खा. आता ही.”

पहिली चक्क गोड होती. दुसरी मी थुंकले.

“गोड आहेत त्या तळच्या, सुपाच्या कडेचा भात आधी बांधला होता त्या. वरच्या, मधल्या भाताच्या कडू,” ती दमल्या आवाजात म्हणाली. “मन तर माझं एकच होतं ना? मग अर्धा भात गोड कसा झाला?”

तिनं उरलेल्या पुड्याही चाखल्या, तोंड वाकडं करत.

या वर्षी मी पानं पुसायला गेले होते. एमा भिंतीला टेकून बसली होती. इरोहनं कुटलेल्या वडीची मूठ भरली आणि थांबली.

“एमा, मधे हात घालून बघा. गार झालाय का?”

माझ्या हातातलं पान गळलं. एमानं डोळे वटारले. मग ती पुढे सरकली आणि तिनं हात भातात खुपसला.

“वरून गार आहे. आत चटका बसतोय.”

“मग थांबते. गरम भातात वडी मरते, मला वाटतं. तुमचा कधी बिघडला होता?”

“पुष्कळदा. केळीखाली पुरायचे आणि दुसरा टाकायचे. सासूला पत्ता लागू दिला नाही.”

“मला तरी सांगायचं, एमा.”

“काय सांगू? माझंच मन काळं आहे, हे?” एमानं हात तसाच भातात ठेवला होता. “जन्मभर तेच समजत आले गं मी.”