निपाणीच्या मातीची विकेट

आज दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी शेजारी सुतार नव्या दाराला जवसाचं तेल लावत होता. तो वास भिंत ओलांडून आमच्या सोप्यात आला आणि मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या, बॅटीला हाच वास असे. वर्तमानपत्रात हिंदुस्थानचा संघ ऑस्ट्रेलियात खेळत असल्याची हकिकत होती. देश स्वतंत्र झाल्यावरचा हा पहिला संघ, त्यामुळे बेळगावात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी क्रिकेट आहे. मग कुणीतरी मला विचारतो, तुमचे बंधूही विलायतेला खेळून आले होते ना, किती धावा काढल्या त्यांनी? मी खरं ते सांगतो. मोठ्या सामन्यात त्यांना एकदाच खेळवलं आणि त्यात त्यांनी चार धावा काढल्या. विचारणारा मग पावसापाण्याचं बोलू लागतो. मी जन्मभर आकड्यांचंच काम केलं, आणि हा आकडा बरोबर आहे. पण तो सांगून झाला की सांगायचं होतं ते राहूनच गेलं, असं वाटत राहतं.

आमचं घर मूळचं शेतकऱ्याचं. शेत खानापूरच्या वाटेवर, तांबड्या मातीचं, भाताचं. अण्णा शिकायला बेळगावात राहिले आणि कॅम्पातल्या मैदानावर गोऱ्या शिपायांचे चेंडू अडवता अडवता खेळायला शिकले. तेव्हा आमच्याकडे जमिनीवर काथ्याची चटई ताणून, खिळे मारून तिच्यावर खेळत. चटईवर चेंडू एकसारखा उसळतो, फसवत नाही. त्या चटईवर अण्णांना बाद करणं अवघड, म्हणून नाव पुण्यामुंबईपर्यंत गेलं, आणि पहिल्या लढाईच्या आधी जो संघ विलायतेला गेला त्यात त्यांची निवड झाली. तिथे चटई नव्हती. बारीक कापलेलं गवत आणि खाली दाबून बसवलेली माती. चार धावा झाल्यावर एक चेंडू टप्पा घेऊन उसळलाच नाही. जमिनीलगत सरपटत आला आणि यष्टी घेऊन गेला. परत आल्यावर अण्णांनी बोटीचं, थंडीचं, तिकडच्या जेवणाचं फारसं कधी सांगितलं नाही. त्या चेंडूबद्दल मात्र बोलत. तो गोलंदाजाचा नव्हता, म्हणत, जमिनीचा होता, आणि ती जमीन आपल्या ओळखीची नव्हती. तसा चेंडू पुन्हा एकदा खेळायला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. पुन्हा विलायतेला कोण नेणार? म्हणून त्यांनी तशी जमीनच इथे करायचं ठरवलं.

आमची तांबडी माती त्यासाठी कामाची नव्हती. ती दाबून बसत नाही, भुगा होते. चिकट काळी माती हवी होती. आमच्या गावच्या गाड्या भात घेऊन निपाणीच्या बाजाराला जात, त्या परत येताना अण्णा त्यांत तिकडची काळी माती भरून आणवू लागले. एका गाडीवानाने त्यांना तोंडावर विचारलं होतं, "अण्णा, निपाणीतनं लोक तंबाखू आणत्यात. तुमी माती आणताय व्हय?" अण्णा स्वतःही हसले होते. माती चाळायची, पसरायची, पाणी मारायचं, दगडी रूळ फिरवायचा, वाळू द्यायचं, पुन्हा पाणी मारायचं. हे दोन वर्षं चाललं. लांबी बावीस यार्ड, मी स्वतः टेप धरून मोजली होती. दोन्ही अंगांना वावरायला जागा म्हणून रुंदीही ऐसपैस ठेवली होती. ती विकेट, म्हणजे खेळाची पट्टी, तयार झाली तेव्हा पाटीसारखी काळी आणि गुळगुळीत दिसे. अनवाणी उभं राहिलं तर तळव्यांना गार लागे. गावातल्या सगळ्यांनी ते खळंच धरलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. एवढी निगुतीने चोपलेली जमीन मळणीशिवाय आणखी कशाला करतात?

कॅम्पात एक सार्जंट होता. त्याचा चेंडू सपाट आणि जोरकस, विलायतेतल्यांच्या जातीचा. अण्णांशी त्याची चांगली ओळख होती. त्याने एका रविवारी येऊन त्या जमिनीवर गोलंदाजी करायचं कबूल केलं. पण तिकडे युरोपात लढाई पेटली होती, आणि रविवार उजाडण्याआधीच कळलं की त्याची पलटण पुढच्या दोन-चार दिवसांत निघणार. म्हणजे तोच एक रविवार. त्या आठवड्यात अवेळी पाऊस लागला. कापलेलं भात शेतात पडलेलं, गावची सगळी खळी चिखलात. अण्णांनी मात्र भोवती चर खणले होते आणि वर ताडपत्र्या घातल्या होत्या. शनिवारी पाऊस थांबला तेव्हा साऱ्या शिवारात कोरडी, टणक अशी तेवढीच जागा होती.

बांधापलीकडची आक्का आली. नवरा नसलेली, दोन लेकींना घेऊन शेती करणारी बाई. तिने काकुळतीला येऊन मागितलं नाही. हातातली भिजकी लोंबी तिने अण्णांसमोर धरली. दाण्यांना मोड यायला लागले होते.

"उद्या गोरा येणार हाय म्हनं तुमचा," ती म्हणाली. "तुमचा चेंडू पुढल्या सालीबी येईल, अण्णा. हे भात न्हाय यायचं."

चेंडू पुढल्या साली येणार नव्हता. हे अण्णांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर अण्णांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग तिला म्हणाले, "बैल कुणाचे आणतीस?"

बैल ज्याभोवती फिरतात तो तिवडा रोवायला खड्डा लागतो. तो अण्णांनी कुणाला खणू दिला नाही. स्वतः पहार घेतली. चेंडू जिथे टप्पा घेणार तिथून दोन पावलांवर त्यांनी पहिला घाव घातला, आणि ती माती इतकी घट्ट बसली होती की पहार उलटून आली.

रविवारी सार्जंट सायकलवरून आला. पात धरलेले, म्हणजे एका ओळीत जुंपलेले, बैल तिवड्याभोवती गोल फिरत होते, अण्णा धोतर खोचून पेंढा उलटत होते. सार्जंट कुंपणापाशीच थांबला. अण्णा गेले, दोघे थोडा वेळ बोलले. तो आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि हात मिळवून गेला. आक्काने विचारलं, ह्योच का तुमचा गोरा, खेळायला आलता?

"ओळखीचा हाय," अण्णा म्हणाले. "गाव सोडून चाललाय, भेटायला आलता."

अण्णांनी ती विकेट पुन्हा केली नाही. एकदा मी म्हटलं, मी टाकतो चेंडू. तर म्हणाले, तुझा चेंडू चटईपतोरबी यायचा न्हाय रं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. वर्षानुवर्षं नांगर फिरून काळी माती तांबडीत मिसळून गेली आहे, नव्या माणसाला दाखवायला तिथे काही नाही. फक्त मोठा पाऊस पडून गेला की बाकीच्या शेतातलं पाणी मुरतं आणि त्या पट्ट्यात ते थोडा वेळ जास्त उभं राहतं. मी कधी गेलो तर ते जिरेपर्यंत बांधावर थांबतो. जे घडलं त्याचा हिशेब मला मांडता येतो. जे घडायचं राहून गेलं तेच का इतकं आठवत राहतं, हे मात्र अजून कळलेलं नाही.

त्या रविवारी दिवस कलताना रास वाऱ्यावर उफणून झाली. खळ्याच्या मालकाचं म्हणून आक्काने रिवाजाप्रमाणे एक सूप भात काढलं आणि अण्णांपुढे धरलं. मला वाटलं, ते नको म्हणतील. हिंदुस्थानतर्फे खेळले त्याचं त्यांना कुणी काही दिलं नव्हतं, त्यांनी मागितलंही नव्हतं. अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांत धरलं, डावा पाय पुढे टाकून, सरपटता चेंडू अडवावा तसे वाकले आणि ते भात घेतलं.