बायोचारच्या खड्ड्याची आरती

चहा निवण्याआधी माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. गावातल्या कुणाकडून ऐकाल, तर तिला बरेच तिखटमीठ लागलेले असेल. आणि खरे सांगू? मूळ गोष्टच इतकी तिखट आहे, की वरून काही लावण्याची गरज नाही!

आमचे गाव किल्लारीच्या अलीकडचे, भूकंपानंतरच्या पुनर्वसनातले. घरे भक्कम, रस्ते सरळ, पण अंगणात माती म्हणून काय? निव्वळ मुरूम! पहार मारली तर ठिणगी उडावी. अशा मुरमात मी तीन वर्षांपूर्वी बेलाचे रोप लावले. जन्मभर दुसऱ्याच्या दारचा बेल मागून आणला. एकदा तरी आपल्या अंगणातले त्रिदल महादेवाला वाहावे, एवढीच इच्छा होती. यंदा चैत्रात साऱ्या झाडांना पालवी फुटली आणि आमचा बेल मात्र शेंडे वाळवून उभा! पाणी घालावे, तर घटकाभरात मुरमातून पाताळात. मी त्याच्यासाठी रोज एक माळ जादा ओढू लागलो.

"मामा, जप करा, पण मुळाला बी कायतरी द्या की," सून म्हणाली.

ही सविता. बचत गटाची अध्यक्ष. लातूरला प्रशिक्षणाला गेली आणि बायोचार शिकून आली. टाकाऊ लाकूड खड्ड्यात जाळायचे, पण पुरते जळू द्यायचे नाही. राख होण्याआधीच पाणी ओतून विझवायचे. उरलेला कोळसा कुटून, शेणकाल्यात मुरवून झाडाच्या मुळाशी घालायचा. तो स्पंजासारखे पाणी धरतो म्हणे.

"जाळायचे, आणि जळूही द्यायचे नाही?" मी म्हणालो. "अगं, संसारात राहून विरक्त असण्याचा हा तर संतांचा मार्ग!"

"हाव मामा, तसंच. फकस्त हितं बादली लागती."

मला मोठा उत्साह चढला. महिनाभर मी गावभर फिरून लाकूड गोळा केले. तुराट्या, लिंबाच्या छाटलेल्या फांद्या, मोडक्या बाजेचे पाय, काही म्हणता काही सोडले नाही. सविताने अंगणात शंकूसारखा खड्डा खणला आणि गटातल्या पंधरा बायकांना प्रात्यक्षिक पाहायला बोलावले. वार सोमवार. पेटवण्याचा मान माझा.

"नीट ऐका मामा," ती म्हणाली, "निखाऱ्यावर पांढरी साय धरू लागली की म्या म्हणन, 'मामा, पाणी!' पहिली बादली तुमची. मंग समद्याजणी एकदम ओतणार. उशीर झाला की राख."

मी मान डोलावली. पण माणसाचे कान किती लबाड असतात पाहा! त्यांनी तेवढ्यातून 'पहिली बादली तुमची' हेच उचलले आणि बाकीचे बाहेरच ठेवले.

खड्डा काय सुंदर पेटला म्हणून सांगू! थरावर थर पडत गेले, धूर नाही, ज्वाळा कमळासारखी. मी अगदी भारावून गेलो. आणि तेवढ्यात—

"मामा, पाणी!"

मी बादली उचलली. आणि हात थबकला.

तुम्हीच सांगा, ज्या घरात निरांजन कधी फुंकून विझवले नाही, 'दिवा विझला' असे न म्हणता 'शांत झाला' म्हणतात, त्या घरातल्या सत्तरीच्या माणसाने अग्निनारायणाच्या तोंडावर बादलीभर पाणी भसकन ओतायचे? देवांना आहुती पोचवणारे मुख ते! मनात आले, ओतू. पण आधी क्षमा तर मागू. बादली खाली ठेवली, हात जोडले, डोळे मिटले आणि क्षमेचे स्तोत्र सुरू केले. आता स्तोत्र म्हणायचे, तर ते अर्धे सोडता येते का?

पुढचे सारे मला नंतर कळले. वीस वर्षे दर सोमवारी भजनात मी हात जोडले की या बायका हात जोडतात. हाडात भिनलेली सवय! पंधराच्या पंधरा बादल्या खाली आल्या आणि पंधरा जोड हात वर गेले.

"पाणी मामा, पाणी!" सविता ओरडत होती.

"गप गं," शेजारच्या काशीबाईने तिला दटावले, "अप्पांचं चालू हाय."

"अवो काकू, राख होऊन राहिली ना!"

"होऊ दे की! म्हादेवाला राखच लागती."

मग कुणी धावत जाऊन नारळ आणला. कुणी हळदकुंकू. काशीबाईने घरातून तुपाची वाटी आणली आणि ती खड्ड्यात रिती केली. ज्वाळा पुरुषभर उंच! "परसन्न झाला, परसन्न झाला!" असा एकच गजर. टाळ्या सुरू झाल्या, आरती सुरू झाली. मिटल्या डोळ्यांनी मला आरती ऐकू आली आणि ऊर भरून आला. एवढा भक्तिभाव! मग मीही खड्या आवाजात दुसरी आरती धरली. बायकांनी तिसरी.

डोळे उघडले, तेव्हा खड्ड्यात काय होते? शुभ्र, मऊ, वस्त्रगाळ राख! औषधालासुद्धा कोळसा नाही!

बायकांनी चिमूट चिमूट राख कपाळाला लावली, माझ्या पाया पडल्या. "लई समाधान वाटलं अप्पा. फुडल्या सोमवारी बी ठिवा," असे म्हणून मोकळ्या झाल्या. सविता मात्र काठावर भरली बादली धरून उभी. ती बादली तिने बेलाच्या बुंध्याशी ओतली. पाणी सळसळत मुरमात गेले, आणि झाड होते तसेच उभे राहिले. महिनाभराचे लाकूड संपले होते आणि झाडाला दिवस किती उरले होते, देव जाणे.

मला बोलणे भाग होते. "हे पाहा," मी घसा साफ करून म्हणालो, "अग्नीवर पाणी ओतणे आपल्या घरात आजवर कधी झालेले नाही!"

"कुणाच्या घरात?"

हा आवाज आमच्या मंडळींचा. गिरजाबाई ओसरीवर बसून डाळ निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली. जुन्या गावात बी आन हितं बी, रोज सैपाक झाला की चुलीतल्या निखाऱ्यावर पाणी मारून म्या कोळसे करून ठिवते. तुमच्या पूजंचा धूप कशावर जळतो? कोळसे काय कैलासाहून येतेत?"

सविता पदर तोंडाशी धरून आत पळाली.

अद्वैताचा विचार करकरून माझे केस पिकले. पण ज्या कोळशापुढे चाळीस वर्षे हात जोडले, तो कुठून येतो हे पाहायला मी एकदाही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दारोदार जाऊन चूक सांगितली. बायका पोट धरधरून हसल्या, आणि हसता हसता प्रत्येकीने आपल्या परसातले एकेक ओझे लाकूड दिले. काशीबाई मोडका पाट घेऊन आली. "देव्हाऱ्याची फळी न्हाई बरं का अप्पा, नीट बघून घ्या. न्हायतर पुन्हा हात जोडसाल!"

या वेळी पहिली बादली गिरजाबाईंची. मला दूर हौदावर, बादल्या भरायला उभे केले होते. "पाणी!" म्हणताच छस्स् असा आवाज झाला, वाफेचा लोट उठला, आणि खाली उरला काळाभोर, काचेसारखा किणकिणणारा कोळसा. दोन आठवडे तो शेणकाल्यात मुरला, मग बेलाच्या मुळाशी गेला. काला ढवळण्याचे काम माझे. ढवळताना मी नामस्मरण करीत असे, तेव्हा कुंपणापलीकडून प्रश्न येई, "अप्पा, आता ह्यो कुणाचा अभिषेक?"

बेलाची एक फांदी गेली ती गेलीच. पण श्रावणाच्या तोंडावर बाकीच्या शेंड्यांना पोपटी, कोवळी त्रिदले फुटली. पहिले पान खुडायला मी हात पुढे केला, तर गिरजाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. झाडावरूनच वाहा यंदा." मी पान न खुडता, फांदीला हात लावून झाडावरूनच वाहिले. महादेवाची काही तक्रार आली नाही.

आता सविताला उसंत नाही. देवणीकडून बोलावणे येते, नांदेडकडच्या गटांचेही फोन येतात. परवाच असा एक फोन माझ्यासमोर आला. पलीकडची बाई सांगत होती, "ताई, खड्डा झाला, लाकूड रचलं, पंधरा बादल्या भरून ठिवल्या. आता एकच इचारायचं हाय. अप्पा तिकडं तुमच्या घरीच हायेत न्हवं?"

"हाव, हितंच बसलेत समोर."

"मंग बरं झालं. पेटवतो!"