आत्याच्या मशीनमधले खडे

आज सकाळी आत्या गेली. मशीन चालूच होते.

ते बंद करायचे कोणाच्या लक्षात आले नाही. शेवटी मी केले.

ज्यांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या आत झिओलाइट नावाच्या खनिजाचे, साबुदाण्याहून बारीक खडे असतात. त्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. हवा दाबाने आत गेली की छिद्रांच्या भिंती नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब उतरला की नायट्रोजन सुटतो.

पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट याच विषयावर आहे.

चुलीच्या धुराने आत्याची फुप्फुसे निकामी झाली होती. तिचा श्वास या खड्यांवर चालत होता.

गेल्या वर्षी शिरड शहापूरला तिच्या शेतात हळद शिजत होती. हळद शिजली की नाही, हे तिथे आत्याच सांगायची. काडी टोचायची आणि निकाल द्यायची.

म्हणून तिच्या मुलाने (मी त्याला दादा म्हणते) मशीन उचलून थेट हळद वाफेवर शिजवायच्या मोठ्या कुकरशेजारी ठेवले.

सगळीकडे वाफ. थोड्याच दिवसांत मशीनचा, ऑक्सिजन कमी पडत असल्याचा, पिवळा दिवा लागला.

मी एरवी चार माणसांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"दादा, मशीन आत ने. हे खडे वाफेतलं पाणी धरतात आणि दाब उतरला तरी ते सोडत नाहीत. मग नायट्रोजनला जागाच उरत नाही."

आत्या खाटेवरून म्हणाली, "आपल्या काळ्या मातीवानीच हाय की मंग. पाणी धरलं तं सोडत न्हाई."

"हो आत्या. मातीतही बरंचसं तेच होतं."

"मंग येवढं शिकायला हिंगोलीला काहून गेलीस गं बाई? वावरात बसली असतीस!"

मजूर बाया हसल्या. मीही हसले.

खडे बदलावे लागले. त्यानंतर नियम ठरला: मशीन शेतातल्या घराच्या आतल्या खोलीत, आणि आत्या नळी पोहोचेल तिथपर्यंत.

नळी ओसरीपर्यंत पोहोचायची. कुकर ओसरीच्या पलीकडे होता.

या हंगामात दादा शिजलेली हळद ताटलीत घालून ओसरीवर आणू लागला.

"आजाऱ्याला पेज देतेत तशी हळद देऊन राहिला मला," आत्या म्हणायची.

मागच्या आठवड्यात तिने नाकातली नळी काढली, माझ्या हातात दिली आणि उठली.

दादा ओरडला, "माय, बस खाली!" मग माझ्याकडे वळला. "तू सांग की हिला. तुला तं सगळं म्हाईत हाय."

मला माहीत होते. साध्या हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्साच असतो आणि तेवढा तिला पुरत नव्हता.

मी म्हणाले, "दादा, तिचा हात धर."

ती कुकरपर्यंत चालत गेली. काडी टोचली.

"कच्ची हाय. लाव परत."

ओसरीवर येईपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. नळी लावल्यावरही बराच वेळ तिला बोलता आले नाही.

बोलता आले तेव्हा म्हणाली, "लाकडं वली हायेत."

आज घरी आलेली माणसे दादाला विचारत आहेत, तिला अडवले का नाही.

त्या चालण्याने तिचे आयुष्य कमी झाले का, हे मला सांगता येत नाही. ते मोजायचे साधन माझ्या विषयात नाही.

पण कृपया दादाला विचारू नका. हात धरायला मी सांगितले होते. पुन्हा तशी वेळ आली, तरी तेच सांगेन.

आत्या, सावकाश जा.