जिल्हा झाला अन् हॉटेलं आली

खाण्याच्या गोष्टींचं एक बरं असतं. एक सांगितली की तिच्यामागून दोन धावत येतात! आम्ही तिघं, म्हणजे मी, राठोड आणि जोशी, हिंगोलीत एकाच ऑफिसात. राठोड सेनगावकडच्या तांड्यावरचा, समोर येईल ते खाणारा. जोशी पक्का शाकाहारी. नव्वदच्या सुमाराला बाहेर खायचं म्हणजे भजे, खानावळ नाही तर बिर्याणी, बस्स. मग हिंगोली जिल्हा झाला आणि पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन अशी रांगच लागली. आम्ही एकही सोडलं नाही!

*

पहिला मान स्टेशनसमोरच्या मिरचीभज्यांचा. तेव्हा मीटरगेज होती. क्रॉसिंगला गाडी थांबली की अर्धे पॅसेंजर उतरून थेट कढईपाशी!

एकदा आमच्या शेजारी लग्नाला निघालेलं एक जोडपं भजे खात होतं. तेवढ्यात शिट्टी वाजली. बाई ओरडल्या, "अवं, गाडी सुटली! पळा!" नवरा भज्यांचा कागद छातीशी धरून पळायला लागला.

पांढऱ्या कपड्यातला एक माणूस शांतपणे भजं फुंकत उभा होता. तो म्हणाला, "काहून पळून राहिले? मी गार्ड हाय. माझ्या हातात भजं हाय, झेंडी न्हाई. गाडी कशी जाईल?"

*

औंढा रोडला मावशींची खानावळ होती. मटणाचा रस्सा असा, की पहिल्या घासाला टाळू तापायची! पुण्याहून बदलून आलेल्या नव्या साहेबांना आम्ही हौसेनं तिथं नेलं. दुसऱ्याच घासाला साहेबांचं नाक वाहायला लागलं, डोळे वाहायला लागले.

"मावशी, तिखट जरा कमी नाही का करता येणार?"

मावशी आल्या. ताटाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि ताटात ज्वारीची आणखी एक गरम भाकर टाकली.

"झालं कमी! खा आता!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर साहेब आमच्याआधी येऊन बसलेले!

*

चाचांची बिर्याणी दुपार कलायच्या आत संपायची. एकदा राठोड आणि मी धापा टाकत पोचलो, तर चाचा डेग पुसत होते.

"खतम हो गई, मियाँ."

राठोडनं मान लांब केली. "चाचा, त्या ताटात तं दिसून राहिली!"

"वो मेरी है! सुबह से खिलारा हूँ. मैं कब खाऊँ?"

राठोडचं तोंड असं उतरलं, की चाचांनाच राहवेना. त्यांनी सुस्कारा सोडला, ताट बाकड्याच्या मधोमध ठेवलं आणि आम्हाला दोन्हीकडं बसवलं.

"खाओ. लेकिन बोटी मेरी!"

*

पंजाबी ढाब्याला 'फॅमिली रूम' आली, आणि राठोडनं आईला तांड्यावरून बोलावून घेतलं. याडी म्हणतो तो तिला. याडी आरशांचा घागरा-कांचोळी घालून ऐटीत आली आणि गादीच्या खुर्चीवर मांडी घालून बसली. पनीर आवडीनं खाल्लं.

"काय हाय हे?" तिनं वेटरला विचारलं.

"पनीर हाय, मावशी. दूध नासवून करतेत."

याडीचा हात थांबला.

"दूध नासलं तं मी सुनेला दिवसभर बोलते," ती म्हणाली. "आन् तुमी त्याला फॅमिली रूममधी बसवता व्हय?"

*

हळदीच्या बाजारासमोर चायनीजची गाडी आली ती साखरा गावच्या संतोषची. पाटीवर लाल अक्षरात 'असली चायनीज'! जोशीनं आधी खोदून खोदून चौकशी केली. अंडं नाही ना? आणखी काही नाही ना?

संतोष म्हणाला, "साहेब, कोबी हाय, गाजर हाय, मिरची हाय. चीनचं नुसतं नाव हाय!"

मंच्युरियन आलं, ते पिवळंधमक.

"यात हळद काहून टाकली रे?" राठोड म्हणाला.

संतोषला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आता हिंगोलीत राहून हळद न्हाई टाकायची?"

*

आणि हा किस्सा जोशीचा. जोशीचं लग्न काही जमत नव्हतं. नोकरी चांगली, माणूस चांगला, पण मुलगी समोर बसली की याची वाचाच जायची. हा गुडघ्यांकडं बघत बसायचा आणि आठवड्यानं नकार यायचा. परभणीचं स्थळ आलं तेव्हा राठोड म्हणाला, "घरी नको. नव्या साउथ इंडियन हॉटेलात बोलाव. तोंडात घास असला म्हंजी गप बसायला कारण ऱ्हाईल!"

ठरल्याप्रमाणे मुलीकडचे आले. तिचे वडील आणि मामा एका टेबलावर, मुलगी आणि जोशी समोरासमोर दुसऱ्या टेबलावर, आणि आम्ही दोघं धीर द्यायला मागच्या टेबलावर. मुलगी बिचारी आपण होऊन विचारत होती, जोशी नुसती मान हलवत होता. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात वेटरनं दोघांच्या मधोमध पेपर डोसा आणून ठेवला. टोपीसारखा गुंडाळलेला, उभा, चांगला हातभर उंच! जोशीला मुलगी दिसेना, मुलीला जोशी दिसेना.

"अरे, हा तं अंतरपाटच धरला!" राठोड माझ्या कानात कुजबुजला.

आणि डोशामागून जोशीचा आवाज आला! "तुम्हाला... तिखट चालतं का?"

"चालतं की!"

मग तो जो सुटला! ऑफिस, आईचं दुखणं, लहानपणी विहिरीत पोहायला शिकला ते, सगळं सांगितलं. पलीकडून ती खळखळून हसत होती. आम्ही दोघं चहा प्यायचं विसरलो. इकडून हा डोसा मोडत होता, तिकडून ती मोडत होती.

मोडता मोडता डोसा संपला. जोशीला समोर तिचा चेहरा दिसला आणि अर्ध्या वाक्यात त्याची वाचा गेली! मान खाली, नजर गुडघ्यांवर. राठोडनं कपाळावर हात मारला.

शेजारच्या टेबलावरून वडलांनी घसा खाकरला. "मग काय, बाळ? निघायचं का?"

तिनं जोशीकडं बघितलं, रिकाम्या ताटाकडं बघितलं, आणि वेटरला हाक मारली.

"दादा, असाच आणखी एक आणा. आणि मधेच ठेवा!"