जिन्याची पाळी

श्टुटगार्टच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी लेन्त्सबाई खरं तर होती वीबके हार्मसन. सरकार उलथवायला निघालेल्या डाव्या अतिरेकी गटातली. पोस्टाच्या भिंतीवर फरारी म्हणून तिचा फोटो, आणि ती आमच्यात खोट्या नावानं लपलेली.

एका शनिवारी तिच्या दाराला जिना झाडायच्या पाळीची पाटी लागली. तिच्यासोबत लपलेला गटातला फोल्कमार भडकला. "ही भांडवलदारांची शिस्त! आपण नाही झाडायचं."

बुधवारी तळमजल्यावरच्या फ्लायडररबाई वर धडकल्या. "काय गं पोरी, हात मोडले का? जिना न झाडणारी माणसं आणखी काय काय लपवतात, ते पोलिसांनाच विचारते मी!"

वीबके फोल्कमारला म्हणाली, "क्रांती नंतर. आधी बादली दे."

फ्लायडररबाई कठड्यावर बोट फिरवत मागे उभ्याच. "आणि कोपरे कोण, तुझा नवरा पुसणार?" वीबकेनं कोपरे घासले, तळघराच्या पायऱ्यासुद्धा घासल्या.

शुक्रवारी ती पुन्हा जिना पुसून आत गेली, तेवढ्यात तिचा फोटो घेऊन पोलीस खाली फ्लायडररबाईंकडे आला. वीबकेनं दाराआडून कान लावला.

"नाक तर आमच्या लेन्त्सबाईसारखंच आहे," फ्लायडररबाई म्हणाल्या.

"मग वर जाऊन बघतो."

"काही नको! अहो, बाँब फोडणारी पोरगी तळघर कशाला घासेल? आणि त्या बुटांनी तर मुळीच जायचं नाही. ओलं आहे अजून!"

पोलीस आल्या पावली परतला.

फोल्कमार कुजबुजला, "चल, आत्ताच्या आत्ता पळू."

"थांब रे," वीबके म्हणाली. "जिना वाळू दे."